एका कार्डाच्या चार तारखा

सोलापूरच्या दक्षिण कसब्यातला एक जुना वाडा गेल्या वर्षी पाडायला निघाला. माळ्यावरचं सामान उतरवताना पितळेच्या भांड्यांच्या मागे कापडी पुठ्ठ्याची जाड वही सापडली. घरच्यांना आधी ती जमाखर्चाची वाटली. उघडून पाहिली तर पानापानावर चित्रांची पोस्टकार्डं चिकटवलेली, एकूण एकतीस. बरीचशी बाहेरगावची होती: मुंबईचं बोरीबंदर, विजापूरचा गोल घुमट, आग्र्याचा ताज. आपल्या गावाची चारच. सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला, एक गिरणी आणि चौथं नावगाव नसलेलं फोटोकार्ड.

मी पंचवीस वर्षं सोलापूरच्या जुन्या इमारतींची पोस्टकार्डं जमवतो आहे, म्हणून त्या घरच्या नातवाने मला बोलावलं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मोबाईलवर फोटो पाहून सोलापूरच्या चार कार्डांना बारा हजार सांगितले होते. बाकीची सत्तावीस त्याला नको होती. वहीतून चार कार्डं कापून पाठवा, पान मागे राहिलं तरी चालेल, असा त्याचा निरोप होता. किल्ल्याच्या कार्डाची तारीख त्याने स्वतःच ठरवली होती: १९०५.

नातवाला पैशांची गरज होती. वाडा पडणार म्हणून भाड्याच्या घरात राहायचं, सामान हलवायचं, खर्च निघाले होते. त्याचा प्रश्न सरळ होता, "काका, बारा हजार बरोबर आहेत का?" मी म्हटलं, भाव नंतर बघू, आधी कार्ड काय आहे ते बघू. कोपऱ्यात खुर्चीवर त्याची आजी बसली होती. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. त्या म्हणाल्या, "बघा की ओ. आमच्या मामंजींची वही आहे ती. कुणी हात लावायचा नाही असं होतं घरात."

या नोंदीत मी फक्त किल्ल्याच्या कार्डाबद्दल लिहितो आहे. बाकी तिघांचा अभ्यास अजून झालेला नाही.

समोरून काय कळलं

कार्ड साधारण १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्या काळचं नेहमीचं माप. चित्रात सिद्धेश्वर तळ्याच्या पाण्यापलीकडे किल्ल्याचा तट आणि बुरूज दिसतात. तळं काठोकाठ भरलेलं आहे. डाव्या बाजूला दूर एक धुराडं. वर निळं आकाश, तटावर फिकट तपकिरी रंग, पाण्यात हिरवट झाक. खाली इंग्रजीत गावाचं नाव आणि किल्ला एवढंच. गावाचं स्पेलिंग जुनं, 'शोलापूर' असं वाचता येईल असं.

पहिली शंका नकलेची असते. जुन्या कार्डांच्या हुबेहूब नकला आता सहज छापून मिळतात. दुकानात नोटा तपासायला जो जांभळा दिवा असतो तो मी बरोबर नेतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून साधारण १९५० नंतर कागदात जी चमक आणणारी द्रव्यं येऊ लागली, ती या प्रकाशात निळसर उजळतात. हे कार्ड मंदच राहिलं. मग दहा पटींचं भिंग लावलं. छापखान्यातल्या जाळीच्या छपाईत भिंगाखाली ठिपक्यांच्या ओळी दिसतात. इथे ठिपके नव्हते. वळवळत्या बारीक रेषांसारखा, चामड्यावर सुरकुत्या असाव्यात तसा दाणा होता. ही कोलोटाईप छपाईची खूण. काचेवर जिलेटिनचा थर देऊन ही छपाई करत, आणि त्या काळातली उत्तम कार्डं बहुधा अशीच छापलेली असतात. रंग मात्र छपाईतला नव्हता. आकाशाचा निळा तटाच्या कडेवर जरासा सांडला होता, म्हणजे रंग नंतर हाताने भरलेला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

नातू म्हणाला, धुराडं जुन्या मिलचं असणार, मग कार्ड त्यानंतरचं. सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला सगळे जुनी मिल म्हणतात, मोरारजी गोकुळदासांनी १८७७ मध्ये उभी केली. धुराडं तिचंच का, हे चित्रावरून मला सांगता येईना. ते तिचं धरलं तरी हाती काही लागत नव्हतं, कारण सरकारी पोस्टकार्डच हिंदुस्थानात १८७९ मध्ये आलं आणि चित्रांची कार्डं त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी. धुराडं नसतं तरी कार्ड त्याआधीचं असणं शक्य नव्हतं. नुसती चित्रं पाहून तारीख ठरवणारे इथेच फसतात. मीही अनेकदा फसलो आहे. चित्रातली प्रत्येक वस्तू काहीतरी सांगते असं वाटतं, पण ती जे सांगते ते बहुतेक वेळा आपल्याला आधीच माहीत असतं.

त्यातच एका कार्डाला एक तारीख नसते. फोटो कधी काढला ती एक. कार्ड कधी छापलं ती दुसरी. कुणी विकत घेऊन कधी टपालात टाकलं ती तिसरी. आणि कुणी ते जपून कधी ठेवलं, इथे म्हणजे वहीत कधी चिकटवलं, ती चौथी. फोटोची एकच काच प्रकाशक वर्षानुवर्षं वापरत. छापलेली कार्डं दुकानात दोन-चार वर्षं पडून राहत. व्यापाऱ्याचं १९०५ या चारांपैकी कोणत्या तारखेबद्दल होतं, हे त्याने सांगितलं नव्हतं. त्यालाही ते माहीत नसावं.

उत्तर मागच्या बाजूला होतं. आणि मागची बाजू पानाला चिकटलेली.

खळ

चिकटवायला खळ, म्हणजे पीठ शिजवून केलेली चिकट पेज, वापरली होती. सोलापुरात खळ म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. ताण्याला पांजणी करायला, म्हणजे विणण्याआधी मागाचे उभे धागे कडक करायला, घराघरात ती लागायची. हे घराणं सुताच्या व्यापारातलं, तेव्हा वहीत कार्डं चिकटवायला डिंक आणायची गरजच पडली नसेल. खळ पाण्याने सुटते. म्हणून व्यापाऱ्याने फोनवर दुसरा सल्ला दिला होता: पान कापायचं नसेल तर पाण्यात घाला, कार्ड आपोआप सुटेल.

हा सल्ला ऐकून माझ्या अंगावर काटा आला, त्याला कारण आहे. वीस वर्षांपूर्वी मी सिद्धेश्वर देवळाचं एक सुंदर रंगीत कार्ड असंच पाण्यात घातलं होतं. पाच मिनिटांत आकाश पाण्यात उतरलं. कार्ड सुटलं, पण काळंपांढरं होऊन. त्या कार्डाचा रंगीत नमुना मला पुन्हा मिळालेला नाही. फोटोकार्डाचं तर आणखी वाईट होतं, त्यावरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि बोटाला चिकटून येतो.

तरीही खात्री म्हणून किल्ल्याच्या कार्डाच्या अगदी कडेला, जिथे आकाशाचा रंग संपतो तिथे, ओलसर कापसाचं टोक क्षणभर टेकवलं. कापसावर निळा ठिपका आला. म्हणजे समोरून ओल चालणार नव्हती.

मग पानाच्या मागून ओल द्यावी का? पान उलटलं आणि पहिल्यांदा वही नीट पाहिली. तोपर्यंत आम्ही सगळे कार्डंच पाहत होतो. ही त्यांच्या दुकानाची रोजकीर्द होती, मोडीत लिहिलेली. पानाच्या एका बाजूला रोजचा जमाखर्च, दुसरी बाजू कोरी, आणि त्या कोऱ्या बाजूवर कार्डं. शाई काजळाची असावी. ओल लागली की ती पसरते. पुढून रंग जातो आणि मागून हिशेब जातो, अशी अडचण होती.

नातू थोडा वैतागला. "मग तसंच राहू द्यायचं का?" अव्वा म्हणाल्या, "इतकी वर्षं राहिलंय की." मला मात्र मागची बाजू वाचल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. मी दोन आठवडे मागितले.

त्यात नशीब आमच्या हवेचं. एप्रिल सुरू होता, पारा चाळिशी ओलांडून गेलेला, हवेत ओलाव्याचं नाव नाही. अशा दिवसांत जुनी खळ तडकते. शिवाय खळ हे कसरीचं आवडतं खाणं. बाइंडर लोक म्हणूनच खळीत मोरचूद घालतात. या खळीत तो नसावा, कारण कार्डाच्या उजव्या बाजूला कसरीने खळ पोखरून ठेवली होती. जी कसर संग्राहकाची शत्रू, तिनेच निम्मं काम केलं होतं. चारही कोपऱ्यांना आणि मधे एक ठिपका, एवढीच खळ होती. उजवे दोन्ही कोपरे जवळपास मोकळे झालेले.

हाडाची पातळ पट्टी, जी बाइंडर घडी घालायला वापरतात, ती घासून आणखी पातळ केली. दुपारी दोनच्या कडक उन्हाच्या वेळी, पंखा बंद करून, पट्टी उजवीकडून आडवी सरकवली. पट्टी नेहमी पानाच्या बाजूला दाबलेली ठेवायची, कार्डाच्या नाही, आणि कार्ड वर ओढायचं नाही. मधला ठिपका सुटायला अर्धा तास गेला. खळीचा कोरडा भुगा पडत होता तो ब्रशने काढत गेलो. डावे दोन कोपरे घट्ट होते. ते मी तसेच ठेवले. कार्ड आता दाराच्या फळीसारखं डावीकडे उघडत होतं आणि मागची बाजू दिसत होती. तेवढंच पाहिजे होतं.

पाठ

मागच्या बाजूला मधोमध उभी रेघ. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. ही रेघ फार उपयोगी असते. सुरुवातीच्या कार्डांवर मागची पूर्ण बाजू पत्त्याची असे आणि लिहायचं ते चित्राच्या कडेला. ब्रिटनच्या टपालखात्याने १९०२ मध्ये पाठ दोघांत वाटायला परवानगी दिली, मग फ्रान्स १९०४, जर्मनी १९०५, अमेरिका १९०७. तेव्हा हे कार्ड १९०२ च्या आधी छापलेलं नाही.

रेघेच्या पायथ्याशी बारीक अक्षरांत जर्मनीत छापल्याची नोंद होती. इकडची पुष्कळ कार्डं तेव्हा जर्मनीत छापून येत, कारण कोलोटाईपमध्ये तिथल्या छापखान्यांचा हात कुणी धरत नसे. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीत युद्ध सुरू झालं आणि हा व्यापार थांबला. म्हणजे छपाई १९०२ ते १९१४ च्या मधली. फोटो त्याच्याही आधीचा, किती आधीचा ते सांगता येत नाही. व्यापाऱ्याचं १९०५ या कक्षेत बसतं. ते चूक म्हणता येत नाही, पण बरोबर म्हणायलाही आधार नाही, आणि विकताना मात्र ते ठामपणे लिहिलं गेलं असतं.

तिकिटाची जागा फाटलेली होती. घरात कुणीतरी तिकिटं जमवत असणार. पाव आण्याचं एक तिकीट काढताना त्याने कार्डाची ओळख अर्धी फाडली. तिकिटावर राजा सातवे एडवर्ड की पाचवे जॉर्ज एवढं दिसलं असतं, तरी पाचव्या जॉर्जची तिकिटं सुरू झाली त्या १९११ ची सीमा हाती आली असती. शिक्क्याची अर्धी कड तेवढी उरली. त्यावर मे महिन्याची इंग्रजी अक्षरं आणि १६ हा आकडा. हे सोळा तारखेचे की सालाचे, ते त्या अर्ध्या शिक्क्यावरून ठरत नव्हतं. तेव्हाच्या शिक्क्यांवर सालही दोनच आकड्यांत असे.

उत्तर मजकुरात मिळालं. मजकूर मोडीत होता. मला मोडी अडखळत वाचता येते, म्हणून फोटो काढून एका जाणकार स्नेह्यांना पाठवला. मायना, मग 'शके १८३८ वैशाख शुद्ध', आणि तिथीच्या जागी नेमकं कसरीचं भोक. शके १८३८ सुरू झालं एप्रिल १९१६ मध्ये आणि त्याचा वैशाख शुद्ध पक्ष आला मे १९१६ च्या पहिल्या अडीच आठवड्यांत. सालाचा प्रश्न मिटला. शिक्क्यातला १६ दोन्हीपैकी काहीही असो, कार्ड मे १९१६ मधलं. जर्मनीशी जवळजवळ दोन वर्षं लढाई चालू असताना सोलापूरच्या दुकानात जर्मन छपाईचं जुनं कार्ड अजून शिल्लक होतं.

मजकूर आठ ओळींचा. घरची ख्यालीखुशाली, सुताचा भाव चढल्याची तक्रार, आणि शेवटी एक वाक्य, ज्यासाठी मी हे सगळं पुन्हा करीन. लिहिणाऱ्याने कळवलंय की चित्रात तळं भरलेलं दिसतं तसं आता नाही, पाणी फार खाली गेलं आहे, काठच्या पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. म्हणजे लिहिणाऱ्या माणसाने कार्ड घेतलं, चित्र पाहिलं, आणि डोळ्यांसमोरच्या तळ्याशी ताडून पाहिलं. १९१६ च्या उन्हाळ्यातलं सिद्धेश्वर तळं चित्रात नाही, पाठीवर आहे.

पत्ता विजापूरचा होता. मग सोलापुरातून विजापूरला गेलेलं कार्ड पुन्हा सोलापूरच्या वहीत कसं? मी मोठ्याने पत्त्यावरचं नाव वाचलं. अव्वा लगेच म्हणाल्या, "ते विजापूरचे मामा की. मामंजींचे मामा. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर त्यांची पेटी आमच्याकडे आली." गोल घुमटाची पाच कार्डं वहीत का आहेत, तेही त्या एका वाक्यात कळलं. कार्ड मुंबईला गेलं असतं तर हे कुणी सांगितलं असतं?

चौथी तारीख

चिकटवलं कधी, हे वहीनेच सांगितलं. व्यापारी दिवाळीला नवी वही पूजतात. ही रोजकीर्द १९२९ च्या दिवाळीला उघडलेली आणि १९३० च्या दिवाळीला मिटलेली. चालू वहीत कुणी चित्रं चिकटवत नाही, तेव्हा कार्डं १९३० च्या दिवाळीनंतर चिकटवली.

तारखा ताडून बघायला मी वही पुढे चाळत गेलो आणि मे १९३० पाशी थांबलो. आठ मेपर्यंत रोजची नोंद, सूत आलं, सूत गेलं. मग पान कोरं. पुढची नोंद एकदम महिनाअखेरीची. गांधीजींना मे महिन्याच्या सुरुवातीला अटक झाली, सोलापूर पेटलं, आणि १२ मेला गावावर मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. सोलापुरात लहानपणापासून हे ऐकत मी मोठा झालो, चार पुतळ्यांच्या चौकातून रोज जातो. पण एका दुकानाची रोजकीर्द त्या दिवसांत गप्प होते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. नातू माझ्या शेजारी उभा होता. त्याने ते कोरं पान हाताने सारवल्यासारखं सावकाश गुळगुळीत केलं.

त्या कोऱ्या पानाच्या मागे सिद्धेश्वर देवळाचं कार्ड आहे. व्यापाऱ्याने मागितलेल्या चारांपैकी एक. ते कापून दिलं असतं तर त्याबरोबर मे १९३० गेला असता.

काय ठरलं

नातवाला मी माझं मत स्पष्ट सांगितलं. बारा हजार हा भाव वाईट नाही, किल्ल्याचं आणि देवळाचं कार्ड सुटं असतं तर मीही त्याच्या आसपास दिले असते. पण ही कार्डं सुटी नाहीत. रोजकीर्द, मामांची पेटी, कार्डं आणि अव्वांची आठवण मिळून एक वस्तू आहे, आणि ती तुकड्यांत विकली तर व्यापाऱ्याला चार छान चित्रं मिळतील, तुमच्याकडे भोकं पडलेली वही राहील आणि कुणालाच काही कळणार नाही. विकायचीच असेल तर वही अख्खी विका, आणि त्याआधी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन करून घरात ठेवा. मी स्वतः काहीही विकत घेणार नाही, हेही आधीच सांगितलं. सल्ला देणाऱ्यानेच माल उचलायचा, हे मला पटत नाही.

त्याने तीन दिवसांनी कळवलं की वही घरीच राहील. खर्चासाठी माळ्यावरची पितळी भांडी मोडीत घातली. अव्वांना भांड्यांचं वाईट वाटलं, हे मला लिहायलाच हवं. त्यातला एक हंडा त्यांच्या लग्नातला होता.

सगळी पानं स्कॅन करायला दोन रविवार लागले. किल्ल्याच्या कार्डाच्या डाव्या कोपऱ्यांवर फार ताण येऊ नये म्हणून मागून जपानी कागदाची पातळ पट्टी बिजागरीसारखी लावली, घरी शिजवलेल्या गव्हाच्या घट्ट खळीने, जवळजवळ कोरडी करून, शाईपासून लांब आणि मोरचूद न घालता. तांब्याचा तो क्षार कसरीला मारतो, पण कागदालाही हळूहळू खातो. वही आता कपाटात आडवी ठेवली आहे, सुती कापडात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं नातवाने आणली होती ती परत पाठवली. ती कालांतराने चिकट होतात आणि छपाई उचलतात. सुट्या कार्डांना पॉलिएस्टरची पाकिटं चालतात, पण इथे सुटं कार्डच नव्हतं.

माझ्या वहीतली किल्ल्याच्या कार्डाची नोंद आता अशी आहे: फोटो १९१४ पूर्वी, तळं भरलेलं असताना. छपाई १९०२ ते १९१४, जर्मनी, कोलोटाईप, रंग हाताने. टपाल मे १९१६, सोलापूर ते विजापूर. चिकटवलं १९३० च्या दिवाळीनंतर. मालक: तेच घर.

देवळाचं, गिरणीचं आणि बिननावाचं फोटोकार्ड, तिघांचे चारही कोपरे अजून घट्ट आहेत. पावसाळ्यात हात लावला नाही. एप्रिलमध्ये अव्वांकडे पुन्हा जायचं आहे.